एका गाडीत दोघं नाय

मे महिना सरत आला की माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला गोळा येतो. डॉक्टर म्हणतो, आजी, वय झालं, रात्री पाय शेकत जा. मी त्याला काही सांगत बसत नाही. मला ठाऊक आहे ते काय आहे. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी एका उन्हाळ्यात तो मी इतका दाबला, की पाय अजून विसरलेला नाही.

या दिवसांत वर्सोव्याला वारा फिरतो. सकाळी अंगावर कोरडा असतो, दुपारनंतर त्याला ओल येते आणि केस चिकट होतात. हा वारा लागला की दोरीवरचे बोंबील उतरवायची घाई सुरू होते. एकदा ओल धरली की माल गेला. होड्या वर ओढायची तयारी सुरू होते, त्यांच्या बुडाला द्यायच्या मुशी माशाच्या तेलाचा वास गल्लीत शिरतो. आता वाळवणाच्या जागेवर अर्ध्याहून जास्त इमारती उभ्या आहेत. वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात. लावू देत. वास त्यांच्या आधीपासून इथे राहतो आहे.

परवा नात गाडी घेऊन दारात आली. मानसी, माझ्या शेवंताची मुलगी. नवी कोरी पांढरी गाडी, चाकांना लिंबं लावलेली. म्हणाली, "आजी, रविवारी माळशेजला जाऊ. तू, मी आणि आई. मस्त हवा आहे वर. मी चालवणार."

शेवंता आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला ते मला ऐकू आलं. मी म्हटलं, "बघू."

"बघू काय? घाबरतेस काय गाडीला?"

"हो," मी म्हटलं.

मानसी हसली. तिला वाटलं मी थट्टा करते.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं साल असेल. शेवंता तीन वर्षांची होती. आमची होडी त्या वर्षी होळीनंतर खडकावर बसली आणि बुडाच्या दोन फळ्या गेल्या. सुतार म्हणाला, पावसाळ्याआधी होत नाही. नवरा घरी बसला. समुद्रावरचा माणूस घरी बसला की घर लहान होतं. सकाळी उठून तो अंगणात उभा राहायचा, आभाळ बघायचा, पुन्हा आत यायचा आणि पुन्हा अंगणात. तीन-चार दिवस मी सहन केलं. मग म्हटलं, "एवढी सुकी मासळी पडलीय. पाटीत घालून मी कुठवर दारं वाजवू? डोंगरावर घेऊन जाऊ. आगोटीला त्यांना लागते."

पावसाआधी चार महिन्यांचं घरात भरून ठेवायचं, त्याला आम्ही आगोट म्हणतो. आमच्यापेक्षा डोंगरातल्या लोकांना तिची गरज जास्त. एकदा पाऊस धरला की त्यांचे ओढे भरतात, वाटा जातात, आणि चार महिने मीठमिरची आणि सुकट यांवर दिवस काढायचे. माझी आई मुरबाडच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन जायची, नंतर मीही जायला लागले. तिथे वरून येणाऱ्या बायका भेटायच्या. त्या सांगायच्या, आमच्या वाडीपर्यंत कोणी येत नाही. त्यातली एक वारूबाई. तिची वाडी माळशेजच्या वरच्या अंगाला, मोठ्या रस्त्यापासून फुटून आणखी वर. तिने मला एकदा विचारलं होतं, "तू येशील का गं वरती?" मी येते म्हटलं होतं. बाजारात माणूस काय काय बोलतो.

नवऱ्याने कुठूनशी एक लहान गाडी आणली. जुनी, खडूच्या रंगाची, मागचं सीट काढलेली. घाटकोपरला एका गॅरेजवाल्याने तिच्यात डिझेलचं इंजिन बसवलं होतं. पेट्रोलची गाडी नवऱ्याने बघितलीसुद्धा नाही. म्हणाला, "पेट्रोलचं मना काय कळत नाय. डिझेल आपल्या घरातलं." खरंच, ती सुरू झाली की होडीसारखी थरथरायची आणि तोच वास यायचा. शेवंता पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा तिने खिडकीबाहेर बघून विचारलं, "पाणी कुठे हाय?"

गाडी चालवायला तो त्याच उन्हाळ्यात शिकला. चटकन शिकला. सरळ रस्त्यावर छान चालवायचा, अंधेरीच्या गर्दीतूनसुद्धा. लायसन मिळालं तेव्हा गल्लीत फिरून सगळ्यांना दाखवून आला.

आमच्या घरात एक पद्धत होती. सासऱ्यांच्या आधीपासूनची. एका होडीवर दोन सख्खे भाऊ जायचे नाहीत. बापलेक जायचे नाहीत. होडी बुडाली तर घरातला एकच जावा, मागे एक बाप्या राहावा. ते कोणी शिकवायचं नाही, भांडायचं नाही, सगळे आपापले पाळायचे. बायकांचा त्यात प्रश्नच नव्हता. बायका होडीवर जातच नाहीत. आम्ही किनाऱ्यावर.

पहिल्या फेरीला निघालो तेव्हा सासू दारात शेवंताला कडेवर घेऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "दोघंव जाताव?"

तो म्हणाला, "गाडी हाय आये, होडी नाय."

सासूने शेवंताला दुसऱ्या कडेवर घेतलं. पण ते दोन शब्द माझ्याबरोबर गाडीत बसले. ठाणं गेलं, कल्याण गेलं, मुरबाड गेलं, तरी उतरले नाहीत.

माळशेजचा मोठा रस्ता तसा बरा होता. पुढे तो फाटा. दुष्काळाच्या वर्षांत रोजगार हमीवर गावच्याच लोकांनी फोडलेला रस्ता. रस्ता म्हणायचं म्हणून म्हणायचं. डोंगराच्या पोटाला नखाने ओरखडा काढावा तसा. एक गाडी जाईल एवढा रुंद, तीही लहान. ट्रक नाही, टेम्पो नाही, म्हणून तर तिथे कोणी माल नेत नव्हतं. वर जाताना उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला काही नाही. मी डाव्या बाजूला बसलेली.

काही नाही म्हणजे काय ते सांगते. मी समुद्र जन्मापासून बघितलेला. समुद्र मोठा असतो, पण तो आपल्या पायाच्या पातळीवर असतो. खाली बघितलं तर पाणी दिसतं. इथे खिडकीतून खाली बघितलं तर झाडांचे शेंडे, त्यांच्याखाली आणखी झाडांचे शेंडे, आणि त्यांच्याखाली घारी. घारी मी नेहमी मान वर करून बघितल्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या पाठी बघितल्या. 

माझं एक काम होतं. चढ फार उभा आला की गाडी मध्येच थांबायची, दम घेतल्यासारखी, आणि मागे सरकायला लागायची. तेव्हा मी दार उघडून उडी मारायची आणि मागच्या चाकाला ठोकळा लावायचा. होडी वाळूवर ओढली की ती कलू नये म्हणून आम्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे लावतो. त्यातलाच एक आम्ही आणला होता. मग तो पुन्हा इंजिन चढवायचा, गाडी पुढे गेली की मी ठोकळा उचलून धावत जाऊन बसायची. म्हणजे पूर्ण रस्ता मी ठोकळा मांडीवर घेऊन, दार अर्धवट धरून, पाय बाहेर टाकायच्या तयारीत. दार उघडलं की पायाखाली हातभर माती आणि मग दरी. त्या हातभर मातीवर मी उतरायची. लुगड्याचा काष्टा होता म्हणून जमलं.

मी ओरडले नाही, रडले नाही. भीती वाटते असंही म्हटलं नाही. आमच्यात म्हणत नाहीत. रात्री वादळ असलं आणि माणसं बाहेर असली तर बायका भीती वाटते म्हणत नाहीत, चूल पेटती ठेवतात. मीही तेच केलं. तोंड बंद ठेवलं आणि पायाने गाडीचा पत्रा दाबत राहिले. जिथे ब्रेक नव्हता तिथे.

वर वाडी. पंधरा-वीस घरं, कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली. वारूबाई धावत आली. तिला खरं वाटेना. "आलीस गं बाय! मला वाटलं बाजारातलं बोलणं." बोंबील, जवळा, सुकट, सगळं ओसरीत ओतलं. बायका मूठ मूठ घेऊन वास घेत होत्या. बदल्यात नाचणी, वरई, थोडे कुळीथ. तीही माणसं कोळीच, महादेव कोळी म्हणतात त्यांना. पण समुद्र कोणीच बघितला नव्हता. वारूबाई म्हणाली, "तुमचा समुद्र केवढा असतो?"

मी दरीकडे हात केला. "एवढाच. फक्त भरलेला."

"त्यात पडलं तर?"

"पोहायचं."

ती खूप हसली. मग मी विचारलं, "आणि हितं पडलं तर?"

ती हसायची थांबली. "हितं कशाला पडायचं बाय?" म्हणाली.

निघताना तिने विचारलं, "आणखी येशील ना? खालच्या आळीला पोचलं नाय अजून. पोरं लय हाईत तिकडं. आभाळ फिरलं की आमी आत, मग तू आलीस तरी वाट नाय." मी येते म्हटलं. या वेळी बाजारात नव्हते, तिच्या ओसरीवर होते. ओसरीवरचं बोलणं मोडता येत नाही.

दुसऱ्या फेरीचा माल वरच्या घरांतच संपला, खालची आळी तशीच राहिली, आणि उतरताना ते झालं.

उतरताना डोंगर माझ्या बाजूला यायचा आणि दरी त्याच्या. म्हणून उतरताना मला थोडं बरं वाटायचं. लाज वाटते सांगायला, पण वाटायचं. त्याला उतार आवडायचा. पहिल्याच फेरीला त्याने उतारावर गिअर सोडला आणि इंजिन बंद करायचं बटण ओढलं. एकदम शांत. नुसता मातीवर चाकांचा आवाज आणि रानातली पाखरं.

"बंद कशाला केलंस?" मी विचारलं.

"भरती हाय ना," तो म्हणाला. "नेते ती."

खाडीच्या तोंडाशी आलं आणि भरती लागली की होडीवाले इंजिन बंद करतात. पाणीच होडी आत घेऊन येतं. दिवसभराच्या धडधडीनंतर ती शांतता, माणसं बिडी पेटवतात, बोलतात. मी किनाऱ्यावरून ते कितीतरी वेळा बघितलं होतं. इंजिन बंद झालं, म्हणजे आलेच. त्यामुळे त्या डोंगरावर इंजिन बंद झालं तेव्हा मलाही एक क्षण वाटलं, आलोच घरी.

पण डोंगराला भरती नसते. पाणी होडीला धरून आणतं. उतार कोणाला धरत नाही.

दुसऱ्या फेरीला गाडीत नाचणीची पोती जास्त होती. तीन वळणं नीट गेली. चौथ्या वळणाआधी मला वास आला. सुकट मी आयुष्यभर हुंगलेली, पण हा वास वेगळा, जळक्या रबरासारखा. मी त्याच्याकडे बघितलं. तो पाय दाबत होता आणि पाय खाली जात होता. पुन्हा दाबला, पुन्हा खाली गेला. हातब्रेक ओढला, तो नुसताच वर आला. गाडीचा आवाज नव्हता काही. तेच सगळ्यात वाईट. वेग वाढतो आहे आणि आवाज नाही, नुसती झाडं मागे पळतात.

मी म्हटलं, "डोंगराला लाव." ओरडले नाही. होडी किनाऱ्याला लाव म्हणतात तसं म्हटलं.

"लावतंय," तो म्हणाला.

आणि गाडी दरीकडे वळली.

आता हे नीट सांगायला पाहिजे, कारण लोकांना कळत नाही. होडीच्या सुकाणाला एक लांब दांडा असतो, तो धरून होडी चालवतात. होडी डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे ढकलायचा. उजवीकडे न्यायची तर डावीकडे. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून त्याच्या हाताला तेच. गाडीला तो उलटं शिकला होता, आणि डोकं जागेवर असताना बरोबर करायचा. पण त्या वळणावर डोकं जागेवर नव्हतं. हात एकटा उरला. हाताने जे त्याला येत होतं ते केलं. डावीकडे डोंगर होता, तिकडे जायचं म्हणून त्याने उजवीकडे ढकललं.

समोरच्या काचेतून रस्ता निघून गेला. आभाळ आलं आणि एक घार.

मी ठोकळा टाकला आणि दोन्ही हातांनी ते चाक माझ्याकडे ओढलं. विचार करून नाही. माणूस बुडत असला की त्याचे केस धरून ओढतात तसं ओढलं. त्याचे हात अजून तिकडेच ढकलत होते. पाटी उचलून उचलून माझे दंड तयार झालेले. मी जिंकले. गाडी माझ्या बाजूने डोंगराला घासली, पत्रा फाटल्याचा आवाज झाला, काच फुटली, आणि कारवीच्या झुडपात तोंड खुपसून ती उभी राहिली.

माझ्या डाव्या कोपरातून रक्त येत होतं. त्याला काही झालं नव्हतं. एक पोतं फुटलं होतं आणि नाचणी आमच्या अंगावर, केसांत, सगळीकडे.  माझ्या डोक्यात एकच. शेवंताने सकाळी लाल फ्रॉक घालायचा हट्ट धरला होता आणि मी तिला घालू दिला नव्हता. दोघंव जाताव?

मग तो म्हणाला, "मी डोंगराकडेच वळवली होती."

"नाय," मी म्हटलं. "तू दांडा ढकललास."

त्याने आपल्या हातांकडे बघितलं. उलटे करून बघितले. ज्या माणसाला मी कधी घाबरलेला बघितला नव्हता, वादळातून येऊन जो जेवायला मागायचा, तो आपल्याच हातांना घाबरलेला मी बघितला.

ब्रेक निवला तसा थोडा धरायला लागला, तरी पुढचा उतार तो पहिल्या गिअरात, पावला-पावलाने उतरला. मी पायी चालले, गाडीच्या पुढे, हातात ठोकळा. खाली मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "आता परत नाय यायचं."

"खालच्या आळीचं मी बोललेय."

"मग?"

"मी चालवीन."

तो हसला नाही. तेव्हाच मला कळलं, की तोही तोच विचार करत होता.

मी होडीवर कधी गेले नव्हते. सुकाणाचा दांडा कधी हातात धरला नव्हता. बाईने धरायचाच नाही ना. म्हणून माझ्या हाताला काही चुकीचं येत नव्हतं. माझे हात कोरे होते. माझी चौथी होऊन शाळा सुटली, वर्गात पुढे बसणाऱ्यातली नव्हते, पण हे मला बरोबर कळलं.

गाडीचा ब्रेक दुरुस्त झाला. दार नुसतं ठोकून बसवलं. मग रोज पहाटे चारकोपला. तिथे तेव्हा नुसते प्लॉट आखलेले, सरळ सरळ रस्ते आणि माणूस नाही. खांब उभे, पण दिवे नाहीत. ज्या माणसाचा हात चुकला त्यानेच मला शिकवलं. ओरडून शिकवलं. "अगो क्लच! क्लच दाब! तुला पाय हायत की वल्हे?" मी म्हणायची, "तू गप बस. तू ढकलणारा." ते म्हटलं की तो गप बसायचा. आठवडाभराने मुलुंडला, डोंगराच्या कडेच्या बंद पडलेल्या दगडखाणीत. तिथे चढ होता. चढावर गाडी थांबवायची आणि मागे जाऊ न देता पुन्हा न्यायची. दहा वेळा मागे आली, अकराव्या वेळी गेली.

कोळीवाड्यात बातमी पोचलीच. बाजारात माझ्या शेजारी बसणारी कमळी सगळ्यांसमोर म्हणाली, "नवऱ्याला बाजूला बसवून गाडी चालवतेस म्हणे? उद्या होडी पण घेऊन जा. तो बसेल पापलेट विकत."

मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा बरे विकेल. तो निदान शिळे ताजे म्हणून देणार नाय."

सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण रात्री शेवंताच्या बाजूला पडले की पायाचा अंगठा आपोआप दाबला जायचा.

तिसरी फेरी मेच्या अगदी शेवटी. दक्षिणेकडे आभाळ भरलेलं होतं. फाट्यापर्यंत त्याने गाडी आणली. तिथे उतरला, मी त्याच्या जागी बसले. मला वाटलं तो आता माझ्या जागी बसणार. तो बसला नाही. ठोकळा घेऊन बाहेर उभा राहिला.

"बस ना."

"एका गाडीत दोघं नाय," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो डोंगराकडे बघत होता. म्हणाला, "मी चालत येतो. मागून. तू हो पुढे."

तसा तो पूर्ण चढ चालला. गाडीच्या मागे, ठोकळा घेऊन. गाडी थांबली की धावत येऊन चाकाला लावायचा. मला आरशात दिसायचा. धुळीत लाल झालेला, तोंडावर रुमाल बांधलेला. मी दरीकडे बघितलं नाही. बघायला वेळ नव्हता. हात, पाय, कान सगळे कामाला लागलेले. गाडीचा आवाज बदलला की गिअर, वळण आलं की हॉर्न, पुन्हा गिअर. आणि मला एक गोष्ट कळली, जी मला कोणी सांगितली असती तर खोटी वाटली असती. चालवणाऱ्याला भीती कमी असते. असते, पण ती समोरच्या चार हातांएवढी असते. ते चार हात गेले की पुढचे चार हात. बाजूला बसणाऱ्याला पूर्ण दरी असते.

खालच्या आळीला माल पोचला. लय पोरं होती, वारूबाई म्हणाली होती तशी. एक पोरगी जवळा तसाच कोरडा मुठीने खात होती. वारूबाईने मला गाडी चालवताना बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "आगं बाय, तू!" मग माझ्या नवऱ्याला म्हणाली, "आणि तुम्ही वं?"

"मी ठोकळा लावतो," तो म्हणाला. अगदी साधेपणाने म्हणाला.

उतरताना मी इंजिन बंद केलं नाही. पहिल्या गिअरात, गुरगुरत. उतरताना तो पुढे होता. प्रत्येक वळणाआधी पुढे जाऊन वळणावर उभा राहायचा, बघायचा, हात करायचा, ये. मी त्याच्यापर्यंत गेले की तो पुन्हा पुढे धावायचा. चौथ्या वळणावर, जिथे कारवी अजून मोडलेली होती, तो उभा राहिला. हात केला नाही. नुसता उभा. मी हळूहळू जवळ आले आणि त्याचं तोंड बघितलं.

ते तोंड मी ओळखलं. ते मी आरशात बघितलेलं नव्हतं, पण माझ्या आईचं बघितलेलं, सासूचं बघितलेलं. वारा पडला नाही आणि होड्या आल्या नाहीत की किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या बाईचं ते तोंड असतं. तिला काही करता येत नाही. हाक मारून पोचत नाही. ती नुसती बघते, आणि वाटेल ते देवाला देऊ करते.

मी वळण घेतलं. डोंगर डावीकडे होता, मी डावीकडे वळवलं. गाडी डावीकडे गेली.

खाली मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी गाडी बाजूला घेतली. तो आला, दगडावर बसला.  मी पाण्याची बाटली दिली. थोडं प्यायला, थोडं डोक्यावर ओतलं. मग म्हणाला, "आमी बाहेर असतो तेव्हा तुला असं होतं?"

"हो."

"कधी?"

"रोज."

त्याने बाटलीला झाकण लावलं.  चालकाच्या जागी जाऊन बसला आणि घरी घेऊन आला. सरळ रस्त्यावर तो छान चालवायचा.

पुढच्या वर्षी होडी दुरुस्त झाली, गाडी दुसऱ्या कोणाला गेली, ठोकळा तेवढा माळ्यावर राहिला. डोंगरावर आम्ही पुन्हा गेलो नाही. तो समुद्रावर जात राहिला. एक मात्र बदललं. पूर्वी परत आला की होडी बांधून, माल उतरवून, गप्पा मारून घरी यायचा. त्या उन्हाळ्यानंतर होडी टेकली की आधी किनाऱ्यावर बघायचा, मी कुठे आहे. दिसले की हात वर करायचा. गडी हसायचे. हसले तर हसले. म्हातारपणी आजारी पडून गेला, घरात, अंथरुणावर. आमच्याकडे हे नशीब म्हणायचं.

काल रात्री शेवंता माझ्याजवळ येऊन बसली. तिला ही गोष्ट ठाऊक आहे. म्हणाली, "आई, मानसीला नको म्हण. माझं ऐकत नाही ती."

"माझं पण ऐकणार नाही."

"मग काय करायचं?"

"मी जाते तिच्याबरोबर. तू राहा."

"मी?" ती म्हणाली. "मी एकटी घरी बसू? दिवसभर?"

मी तिच्याकडे बघितलं. जिच्यासाठी त्या शेवटच्या फेरीला तिचा बाप गाडीबाहेर राहिला, तिला आता मागे राहायचं होतं. कठीण जागा मी तिला देत होते आणि सोपी स्वतः घेत होते. हे मला कळत होतं. तिलाही कळलं असावं. ती माझ्यासारखीच आहे, बोलत नाही.

"एका गाडीत तिघी नाय," मी म्हटलं.

ती उठून गेली. सकाळी मी उठायच्या आधी ती माळ्यावर चढली होती. ठोकळा खाली काढून, धूळ पुसून, मानसीच्या गाडीजवळ ठेवलेला होता. मानसी म्हणत होती, "मम्मी, याला हँडब्रेक आहे गं!"

शेवंता म्हणाली, "असू दे. ठेव."